पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा : चंदगडच्या घाटमाथ्यावरचा एक धनगरवाडा



आपल्या कार्याला हातभार लावणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चंदगड तालुक्यातल्या धनगरवाड्यात आपण औषधे नेतो, मुलांच्या वह्यापुस्तकांचे पाहतो, हे सगळ्यांना समजते. पण गेल्या तीन वर्षांत तुमचा सर्वांत जास्त वेळ तिथला इतिहास लिहिण्यात का जातो? एका ज्येष्ठ सभासदांनी तर प्रेमाने टोमणाही मारला, की डिप्लोमा ईश्वरविज्ञानाचा आणि काम मामलेदार कचेरीतले.

उत्तर थोडक्यात असे आहे. या वाड्यातल्या लोकांना राहत्या घराचा, कसत्या तुकड्याचा आणि चराईच्या रानाचा हक्क कायद्याने मिळू शकतो. त्यासाठी आपण १३ डिसेंबर १९३० च्या आधीपासून इथे आहोत हे त्यांना दाखवावे लागते. ज्या वस्तीत दोन पिढ्यांपूर्वी कोणाला अक्षरओळख नव्हती, तिने हे कसे दाखवायचे, हा सगळा लेख त्याविषयी आहे. दावा अजून चालू असल्यामुळे वाड्याचे आणि माणसांची नावे देत नाही. बाकी सर्व ठिकाणे आहेत तशी दिली आहेत.

आधी जागा समजून घेऊ. कोल्हापूर शहरातून निघून गडहिंग्लजमार्गे चंदगडला गेलो की आपण जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला येतो. चंदगडहून पश्चिमेला हेरे आणि तिलारीनगरकडे वळले की सह्याद्रीची धार लागते. धारेखाली सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका, त्यापलीकडे गोवा. पूर्वेला थोड्या अंतरावर कर्नाटकाचा बेळगाव जिल्हा. ताम्रपर्णी याच तालुक्यातून पूर्वेला वाहत जाऊन घटप्रभेला मिळते, तर तिलारी घाट उतरून गोव्याकडे जाते. पाऊस प्रचंड. जून ते सप्टेंबर धुके इतके की समोरची म्हैस दिसत नाही, फक्त गळ्यातली घंटा ऐकू येते.

याच धारेवर पारगड आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये तो वसवला आणि तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांना किल्लेदार नेमले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या वेळच्या शिबंदीचे वंशज आजही गडावर राहतात. गडावरची वस्ती छोटी आहे, तरुण पोटासाठी बाहेर गेलेले आहेत, पण त्यांना आपला इतिहास सांगता येतो. राजाने नेमणूक केली म्हणून त्यांची नोंद झाली. त्याच डोंगराच्या रानात, हाकेच्या नव्हे पण चालण्याच्या अंतरावर, गवळी धनगरांचे वाडे विखुरलेले आहेत. त्यांना कोणी नेमले नव्हते. ते म्हशींच्या मागे आले आणि राहिले. आमचा वाडा त्यांतलाच एक, दहाबारा घरांचा. आता कौले आणि पत्रे आले आहेत, पण कूड आणि शेणाने सारवलेल्या भिंती अजून बऱ्याच ठिकाणी आहेत.

कोल्हापूरच्या माणसाला धनगर म्हटले की मेंढरे आणि घोंगडी आठवते. घाटमाथ्यावरचा गवळी धनगर वेगळा. मुसळधार पावसाच्या या पट्ट्यात मेंढी टिकत नाही, म्हणून त्याचे जनावर म्हैस आणि गाय. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास करून १९८२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखवले, की खोऱ्यातला कुणबी आणि माथ्यावरचा गवळी यांनी एकच डोंगर वाटून घेतला होता. कुणबी खाली भातशेती करी आणि शिकार करी. गवळी वर जनावरे राखी, शिकार करीत नसे, आणि लोणी देऊन खालून धान्य आणी. आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हा निबंध ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यांचे बोलणे त्याच्याशी तंतोतंत जुळते. लोण्याचे मडके डोक्यावर घेऊन आज्जी कोणत्या गावात कोणाच्या दारात जात, तिथून किती पायली नाचणी किंवा भात येई, हे त्या घरानिशी सांगतात. हे तपशील मी वहीत उतरवले तेव्हा केवळ कुतूहल होते. पुढे तेच कामाला आले, ते सांगतोच.

जोडीला उतारावरची फिरती शेती असे. झुडपे तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरी धरायची. या भागात तिला कुमरी म्हणत. इंग्रज सरकारला कुमरी पसंत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावर बंधने आली, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली, आणि डोंगरावरच्या माणसाचे चरायचे रान सरकारी झाले. त्यानंतर जनावरामागे चराईची फी, आणि चुकले की दंड. एका आजोबांना मी विचारले, "आजोबा, तुम्ही राखीव जंगलात कधी आलात?" ते हसले. म्हणाले, "आमी हितंच हाय की. रान राखीव मागनं झालं."

आता सीमेविषयी. सीमाभाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव येते, १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोग आणि सर्वोच्च न्यायालयातला दावा येतो. तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे लागते, जी फारशी कोणी सांगत नाही. १९५६ पर्यंत चंदगड हा कोल्हापूरचा भागच नव्हता. तो मुंबई इलाख्यातल्या बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला दिला, पण चंदगड तालुका वगळून. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. वाड्यातल्या लोकांनी घर हलवले नाही, जिल्हा मात्र बदलला.

त्याच्या मागे गेलो तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. १९३० साली, म्हणजे कायदा ज्या काळाचा पुरावा मागतो त्या काळी, या धारेवर उभ्या असलेल्या गुराख्याच्या आसपास चार वेगवेगळे अंमल होते. पायाखाली इंग्रजांचा बेळगाव जिल्हा. घाटाखाली सावंतवाडी संस्थान. उत्तरेला आजऱ्याकडे इचलकरंजीची जहागीर, जी करवीर संस्थानाखाली होती. आणि नैर्ऋत्येला पोर्तुगीजांचा गोवा. चार ठिकाणचे कायदे, चार ठिकाणची दप्तरे. सावंतवाडी १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी, गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. म्हशीला यातले काही माहीत नव्हते. ती गवत असेल तिकडे जाई.

गवळी धनगरांची सोयरीक आजही या चारी बाजूंना आहे. झोरे, वरक, लांबोर, कोकरे ही आडनावे चंदगडात सापडतात तशी दोडामार्गात आणि गोव्यातही सापडतात. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा लग्नकार्याला तिकडे जाणे अवघड झाले, असे म्हातारी माणसे सांगतात. आमच्या एका आज्जीचे लग्न ठरले ते "गोवा मोकळा झाला त्या साली". हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवले, कारण तारीख सांगण्याची त्यांची ही पद्धत होती आणि पुढे मी तिचाच आधार घेतला.

वाटांचीही एक गोष्ट आहे. बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून रामघाटाने वर येई. नंतर आंबोलीचा रस्ता झाला आणि रामघाट मागे पडला. बेळगावातल्या रामघाट रोडच्या नावात ती वाट अजून शिल्लक आहे. बेळगावच्या मंडळीतले आपले अनेक वाचक त्या रस्त्याने रोज जात असतील. तो पुढे कुठे जात होता हे आता सांगितले!

आता कायद्याकडे येतो. वाचकांनी इथे थोडा धीर धरावा. हे रुक्ष वाटले तरी सगळे इथेच अडकले आहे.

संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या उद्देशिकेतच मान्य केलेले आहे. त्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत. पहिले अनुसूचित जमातींचे. त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवले की पुरते. दुसरे, इतर पारंपरिक वननिवासी. त्यांनी त्या तारखेच्या आधी किमान तीन पिढ्या तिथे वास्तव्य दाखवायचे, आणि कायद्यात एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे. तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षे, म्हणून १९३०.

आमचा वाडा दुसऱ्या प्रकारात येतो. इथे पुष्कळ वाचक थबकतात. जंगलात राहणारे, रस्ता नसलेले, वीज उशिरा आलेले हे लोक आदिवासी नाहीत का? राहणीने पाहिले तर तुम्ही आम्ही त्यांना आदिवासीच म्हणू. कागदावर मात्र धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत, 'क' गटात आहे. अनुसूचित जमातींची यादी राज्याराज्यांसाठी वेगळी असते. महाराष्ट्राच्या यादीत 'ओरॉन, धांगड' अशी नोंद आहे. तो 'धांगड' म्हणजे आमचा 'धनगर'च, असे समाजाच्या नेत्यांचे म्हणणे होते. त्याविषयीच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या. या वादात मेंढपाळ धनगर, गवळी धनगर सगळे एकत्र येतात, दुसऱ्या बाजूला आदिवासी संघटनांचीही भीती खरी आहे, आणि मी त्यात पडणार नाही. मला दिसते ते एवढेच, की घाटाखाली गोव्यात २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तिथल्या धनगरांना नाही. एकाच डोंगररांगेत राहणारे दोन शेजारी. एकाला २००५ चा पुरावा पुरतो, दुसऱ्याला १९३० चा लागतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना एज्राच्या पुस्तकातला दुसरा अध्याय आठवेल. बंदिवासातून परत आलेल्यांची ती लांबलचक यादी, जी आपण सहसा भराभर उलटून पुढे जातो. त्या यादीच्या शेवटी काही कुटुंबे आहेत, ज्यांना आपले पितृकुळ दाखवता आले नाही. याजकांपैकी काहींनी वंशावळीत आपली नोंद शोधली, ती सापडली नाही, आणि त्यांना याजकपणातून वगळले गेले. मी धर्मशिक्षण घेत असताना या ओळींवर कधी थांबलो नव्हतो. वाड्यात काम सुरू केल्यापासून थांबतो. आपल्या मंडळीत निदान बाप्तिस्म्याची नोंदवही असते. जन्मदाखला हरवला तर आपण पाळकांकडे जातो आणि पणजोबांपर्यंत नाव सापडते. वाड्यात तसे काही नाही.

मग पुरावा आणायचा कुठून?

सुरुवातीला सगळे कोल्हापुरात शोधायला गेले. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा कोल्हापूर खंड १८८६ चा आहे. त्यात या भागाविषयी शोधून उपयोग नाही, कारण चंदगड तेव्हा तिथे नव्हते. १८८४ च्या बेळगाव खंडात ते आहे. घाटाखालच्या भागाची माहिती १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात. जनगणना, जमाबंदीचे अहवाल, वनखात्याचे जुने कार्य आयोजन, मोजणीचे नकाशे, सगळ्याच बाबतीत १९५६ पूर्वीचे काही हवे असेल तर बेळगाव जिल्ह्याच्या नावाने विचारावे लागते. एका कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले, की या वस्तीचे जुने रेकॉर्डच नाही. चुकीच्या जिल्ह्याखाली पाहिले होते, इतकेच. यात त्या कारकुनाला दोष देऊन काय होणार? त्याच्या जन्माआधी तालुका इकडे आला होता.

आणि खालच्या गावांचे कागद तरी कुठे सरळ आहेत. हेरे सरंजामातल्या जमिनींचा प्रश्न या तालुक्यात कित्येक वर्षे चालत आला आहे. सातबारा हातात असलेल्या शेतकऱ्याची जिथे दमछाक होते, तिथे सातबाराच नसलेल्या वाड्याची कल्पना करावी.

सुदैवाने कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. २००८ च्या नियमांतला तेरावा नियम माझ्या मते या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग आहे. सरकारी कागद हा पुराव्याचा एक प्रकार झाला. त्याबरोबर घर, झोपडी, बांध, विहीर, मसणवट, देवस्थान अशा जमिनीवरच्या खुणा चालतात. वंशावळ चालते. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी दिलेला आणि लिहून घेतलेला जबाब चालतो. यांपैकी एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे नियम सांगतो, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरू नये, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलेले आहे. ही दुरुस्ती मी बरोबरच ठेवतो. काही बैठकांत ती मोठ्याने वाचून दाखवावी लागली.

मग आम्ही वाडा वाचायला लागलो. प्रथम जोती. सध्याच्या घरांच्या वर, रानात शिरले की तीन ठिकाणी जुन्या घरांची जोती आहेत, दगडांत करवंदीची जाळी वाढलेली. एका जोत्याशेजारी फणसाचे झाड आहे, दोघांच्या कवेत न मावणारे. फणस घाटावर आपोआपही उगवतो, म्हणून केवळ झाडावर भिस्त ठेवून चालत नाही. पण झाड, जोते आणि गोठ्याच्या दगडांची ओळ एकत्र आली की तिथे माणूस राहत होता हे नाकारता येत नाही. पाणवठ्याला बांधीव दगड आहेत. देवाची जागा आहे, तिथल्या झाडांना कोणी कुऱ्हाड लावत नाही.

दुसरे, काळ. वाड्यात कोणाला जन्मसाल माहीत नाही. माहीत आहेत त्या घटना. म्हणून मी एक यादी केली: १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी, १९४८ मधला गांधीजींचा खून, १९६१ चा गोवा, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. प्रत्येक वडीलधाऱ्याला विचारायचे, भूकंपाच्या वेळी तुम्ही केवढे होता? पोर किती वर्षांचे होते? बाप होता का? सगळ्यांत वयस्क आज्जी भूकंपाच्या रात्री दोन लेकरांची आई होती. तिने सांगितले, की तिच्या सासऱ्याची आई मानमोडीत गेली आणि तिचा दगड मसणवटीत आहे. मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली इन्फ्लुएंझाची साथ. १९१८. कायद्याने मागितलेल्या तारखेच्या बारा वर्षे आधी या वाड्यातली एक बाई इथेच पुरली गेली होती, आणि तिचा दगड कोणता हे तिच्या नातसुनेला माहीत आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा आज्जींनी आधी दगडावरची माती पदराने पुसली, मग बोलल्या.

तिसरे, साक्ष. नियमाप्रमाणे ती दावेदारांखेरीज इतरांची लागते. इथे लोण्याची मडकी कामाला आली. ज्या गावांत, ज्या घरांत आज्ज्या लोणी घेऊन जात, त्या घरांतली म्हातारी माणसे अजून आहेत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. दोन घरांनी आनंदाने जबाब दिला. एका कुणबी आजोबांना स्वतःच्या आईने सांगितलेली वाड्यातल्या बायकांची नावे पाठ होती, आणि ती आमच्या वंशावळीशी जुळली. एका घराने नकार दिला. वाड्याला चराईचा हक्क मिळाला तर आपली गुरे आणि आपली लाकूडफाट्याची वाट बंद होईल, अशी त्यांना धास्ती होती. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सामूहिक हक्काची हद्द आखताना खालच्या गावाला बरोबर घेतले नाही तर शंभर वर्षांचा शेजार तुटेल. म्हणून आता हद्दीची फेरी दोन्हीकडची माणसे मिळून करतात. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

चौथा पुरावा गमतीचा आहे. एका घरात, पत्र्याच्या पेटीत, वडिलांच्या वेळच्या चराई फीच्या आणि दंडाच्या पावत्या निघाल्या. त्या १९३० च्या बऱ्याच नंतरच्या आहेत, एकट्याने पुरत नाहीत. पण राखीव जंगलात जनावरे घातली म्हणून ज्याला दंड झाला, तो त्या काळी तिथे होता हे दंड करणाऱ्यांनीच लिहून दिले आहे. त्या बापाने पावती का जपली असेल, कोण जाणे. कागद म्हणजे जपायचा, एवढेच त्याला समजत असावे.

हक्क मिळाला तर नेमके काय मिळेल, याबद्दलही गैरसमज आहेत. जमीन विकायला मिळणार नाही. हक्क वारसाने पुढे जातो, विकता किंवा गहाण टाकता येत नाही. मर्यादा चार हेक्टरची, आणि मिळते ती प्रत्यक्ष ताब्यात असलेलीच जमीन, आमच्या वाड्यात कोणाकडे चार हेक्टरच्या जवळपासही नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाने हक्कपत्र होते, हे सांगितले तेव्हा पुरुष गप्प आणि बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. वैयक्तिक हक्काइतकाच, खरे तर त्याहून मोठा, चराईचा सामूहिक हक्क आहे. पशुपालकांचा उल्लेख कायद्यात वेगळा केलेला आहे. म्हशींवर जगणाऱ्याला तुकड्यापेक्षा रान महत्त्वाचे.

शिवाय रस्ता. वाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायवाट आहे. पावसाळ्यात आजारी माणूस झोळीत घालून उतरवतात, आणि दुधाची गाडी रस्त्यापर्यंतच येते. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलातून रस्ता काढायला केंद्राची परवानगी लागू लागली. वनहक्क कायद्यात मात्र रस्ता, शाळा, दवाखाना, विजेच्या तारा अशा तेरा सुविधांसाठी सोपी वाट आहे: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. म्हणून ग्रामसभा कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोठ्या गावाच्या सभेत वाड्याची दहा माणसे मागच्या रांगेत बसतात. नियमांनुसार अशा वस्तीची वेगळी ग्रामसभा या कायद्यापुरती मान्य होऊ शकते. तो ठराव झाला आहे.

घाई का, असेही विचारतात. दोन कारणे. २०२० मध्ये दोडामार्गकडचे तिलारीचे जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले, पाठोपाठ चंदगडचेही. या रानात वाघ आहे, कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत, आणि ते राहायला हवेत असे मलाही वाटते. वाड्यालाही वाटते, वाघबारस ते आजही पाळतात. पण नवी हद्द आखली जाते तेव्हा ज्यांचे नाव कागदावर नाही ते त्या हद्दीत पाहुणे ठरतात. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढण्याविषयी आदेश दिला होता आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. स्थगितीची बातमी वाड्यात पोचली नाही, पहिली मात्र पोचली. दोन घरांनी त्या काळात भांडी बांधून ठेवली होती.

दुसरे कारण म्हणजे आज्जी. आज्जींचे वय आमच्या हिशेबाने पंचाऐंशीच्या पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी मी बोललो होतो त्या पाच वडीलधाऱ्यांपैकी दोघे आता नाहीत. त्यांचे जबाब सुदैवाने लिहून, वाचून दाखवून, अंगठा घेऊन झाले होते.

दावा सध्या उपविभागीय समितीकडे आहे. तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जाईल. फेटाळला गेला तर साठ दिवसांत अपील करता येते. जागेची प्रत्यक्ष पाहणी दिवाळीनंतर, गवत वाळले आणि वाट मोकळी झाली की होईल.

तोवर एक काम राहिले आहे. बेळगावहून मिळालेल्या काही जुन्या जमाबंदीच्या नकला मोडीत आहेत. एका पानावर वाड्याच्या रानाचे नाव असावे असे दिसते, पण अक्षर लागत नाही. बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मंडळीत ज्यांना मोडी वाचता येत असेल, किंवा ज्यांच्या घरात असे कोणी वडीलधारे असतील, त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे. पाने सहाच आहेत. मी घेऊन येईन.